दाजी त्या बंद गोदामात झोपले व्हते

आमचा बाप धनगर, मेंढरामागं बदनापूरपसून वडीगोद्रीपर्यंत उघड्या रानात जल्म काढला त्यानं, आन् म्या वीस वर्सं झाली बंद काचंच्या गाडीत बसून राह्यलो. माही अक्का दिली ते सोमीनाथ दाजी बी डायवरच. त्यांनीच शिकवलं मला. उन्हात उभी ऱ्हायलेली गाडी आधी चारी काचा खाली करून जराशी पळवायची, गरम हवा भाईर जाऊ द्यायची, मंग एसी लावायचा, तवा गाडी जल्दी गार व्हती. बराबर शिकवलं व्हतं. पण मालकापुढं शिकलेलं काय कामाचं, सांगा तुम्ही.

आम्ही दोघं एकाच मालकाकडं. एसी आपल्यासाठी न्हाई, मालक उतरले की बंद, आसा कायदा. आवं, मे महिन्यात गाडीच्या पत्र्याला हात लावून पाहा, चटका बसतो, आन् डायवरनं त्यात बसायचं.

त्या दिवशी अंबडच्या अंगाला मालकाच्या पुतण्याचं लगीन व्हतं. दोन गाड्या घेऊन गेल्तो. मालक दाजीला म्हणले नव्या गाडीचा रंग उन्हानं जाईल, मागच्या खताच्या गोदामात लाव, धूळ येती तर शटर खाली ओढ, आन् आत बाईसायबाची बॅग हाय, गाडी सोडून कुठं जायचं न्हाई. रंगाची काळजी, बॅगची काळजी! आत माणूस बसणार हाय, त्याची न्हाई.

पंगती उठल्या तवा कुठं डायवर लोकायला वाढलं. म्या दाजीचं ताट घेऊन गेलो. शटर वाजवलं, हाका मारल्या, वं न्हाई का चूं न्हाई, नुसता इंजनाचा आवाज. शटर वर ढकललं तर धुराचा भपकारा तोंडावर आला. एसी लावून, शीट मागं पाडून दाजी पडलेले, दार आतून बंद. ताट फेकलं, ईट उचलली, काच फोडली आन् ओढून लिंबाखाली आणलं. मान टाकलेली व्हती हो त्यांनी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणले बंद जागंत इंजन चालू ठिवलं की धुरात इखारी गॅस साठतो, त्याला वास न्हाई का रंग न्हाई, झोपल्या जागी माणूस जातो, तुम्ही टायमावर आले.

मालक संध्याकाळी आले. पहिला सवाल काय, काच कुणी फोडली? दुसरा, एसी कुणाला इचारून लावला? म्या म्हणलं मालक, माणूस आत व्हता. ते म्हणे भाईर बसायचं ना मंग. म्या म्हणलं, गाडी सोडू नको कोण म्हणलं व्हतं? चावी त्यांच्या पायाजवळ टाकली आन् निघालो.

आता म्या दुसऱ्याची जीप चालवून राह्यलो. दाजीला गाडी देत न्हाई कुणी, त्या धुरापसून हात कापतेत, बोलता बोलता इसरतेत. अंगणात बाजंवर बसून अक्काला इचारतेत, च्या झाला का आपला? घडीभरानं पुन्हा तेच. ती पुन्हा सांगती, झाला म्हणून, न चिडता. आन् सांजच्याला दिवा लावला की त्या मालकाच्या लेकराबाळाचं बी भलं कर म्हणती देवाला. लई मोठ्या मनाची हाय अक्का. मला न्हाई बा तसं म्हणता येत.