डावा हात टेबलावर

ओडेट : मान खाली. अजून खाली.

टमेका : आज वेण्या मुद्दाम ओढतेयस का?

ओडेट : नेहमीइतकंच ओढतेय.

टमेका : नेहमी माझ्या भुवया एवढ्या वर जात नाहीत. उद्या मासिकवाले आम्हा सगळ्या लेखकांचा फोटो काढणार आहेत. फोटोत मला काहीतरी धक्का बसल्यासारखं दिसायचं नाहीये.

ओडेट : डावी बाजू झाली का सगळी? चाचपून बघ.

टमेका : झाली. उजवीकडे अजून रान माजलंय.

ओडेट : म्हणजे आता तुला उठून जाता येणार नाही.

टमेका : अशा अवतारात कुठे जाऊ? सगळ्या इंगलवुडची कुत्री मागे लागतील.

ओडेट : बरं झालं. मी गुरुवारचा भाग बघितला.

टमेका : कशाचा?

ओडेट : तुझ्या मालिकेचा. ‘आमचं बरं चाललंय’. दर गुरुवारी लागते, तूच लिहितेस.

टमेका : एकटी लिहीत नाही. सात जणं लिहितो आम्ही.

ओडेट : अंगठी सात जणांना सापडली होती का?

टमेका : ओडी, नाव बदललं होतं मी.

ओडेट : बदललंस. धंदाही बदललास. गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना चालायला शिकवणारी मी, मला दातांची डॉक्टर केलंस. छान झालं, मावशीची फार इच्छा होती.

टमेका : मग कोणाला कळणार?

ओडेट : मला कळलं. जॅरलच्या मोज्यांच्या खणात मला अंगठी दिसली. हा आता मागणी घालणार म्हणून मी ह्यूस्टनच्या इस्पितळातली विभागप्रमुखाची जागा नाकारली. आणि अंगठी निघाली त्याच्या आईची, सैल करून आणलेली. हे मी जगात एका माणसाला सांगितलं होतं. याच खुर्चीत बसून, तुझं डोकं असंच माझ्या गुडघ्यांत होतं तेव्हा. वेण्या घालताना बोललेलं उंबऱ्याबाहेर जात नाही, हे मी तुला शिकवायला हवं होतं का? तुझ्या आजीनेच शिकवलं होतं आपल्या दोघींना.

टमेका : मी कोणाचं नाव घेतलं नाही.

ओडेट : पाव किती वेळा आला?

टमेका : काय?

ओडेट : जॅरलने हॉटेलात जेवायला नेलं त्या रात्री मी डावा हात टेबलावर ठेवून बसले होते. त्याला अंगठी घालायला सोपं जावं म्हणून. वाढप्याला वाटलं मला पाव हवाय. त्याने तीनदा पाव आणून ठेवला. तुझ्या भागात किती वेळा आला?

टमेका : पाच.

ओडेट : का?

टमेका : तीनला हसू येत नव्हतं. आम्ही लेखकांच्या खोलीत करून बघितलं.

ओडेट : करून बघितलंत.

टमेका : चारला जरा येत होतं. पाचव्याला सगळे कोसळले.

ओडेट : आणि त्या नटीला हात तस्सा ठेवायला कोणी शिकवलं? बोटं जराशी उघडी, नखं वर?

टमेका : …मी.

ओडेट : म्हणजे माझी नक्कल करून दाखवलीस. सगळ्यांसमोर.

टमेका : त्यातल्या दोघी रडल्या, ओडी. खरंच. नुसतं हसणं नव्हतं ते.

ओडेट : आभार मान त्यांचे माझ्या वतीने. मान खाली.

व्हर्लीन मावशी : पोरींनो, गोड झालंय, पीच घातलेलं कॉब्लर, गरम आहे. टमेका, बाळ, तुझा गुरुवारचा भाग म्हणजे काय सांगू. आमच्या चर्चच्या अकरा बायका याच खोलीत बसल्या होत्या. तो पावाचा प्रसंग आला आणि सिस्टर युलालीची कवळी सुटली.

टमेका : थँक यू, मिस व्हर्लीन.

व्हर्लीन मावशी : मी तर सगळ्यात मोठ्याने हसले. ही दाताची डॉक्टरीण किती खुळी, म्हटलं. खाशील ना गं? की पाव आणू?

टमेका : नको, मिस व्हर्लीन.

व्हर्लीन मावशी : बरं. मी आहे स्वयंपाकघरात. दार उघडंच आहे.

टमेका : त्यांना माहीत आहे?

ओडेट : तुला काय वाटतं?

टमेका : तू तर सगळ्यांना सांगितलं होतंस की ह्यूस्टनवाल्यांनी तुला निवडलं नाही.

ओडेट : सांगितलं होतं. मावशीने त्यावर इस्पितळाला अडीच पानी पत्र लिहिलं. त्यात बायबलमधल्या संदेष्ट्यांची वचनं होती, शिवाय एक धमकीही होती. ते बिचारे अजून कोड्यात असतील, की जिने आपल्याला नाही म्हटलं तिची मावशी आपल्यावर देवाचा कोप का मागतेय.

टमेका : हे भारी आहे.

ओडेट : टमेका.

टमेका : सॉरी. सवयच लागलीय.

ओडेट : कसली सवय?

टमेका : दर सोमवारी प्रत्येकाने आपल्या आयुष्यातलं काहीतरी टेबलावर टाकायचं असतं. खरं, गरम, रक्त लागलेलं. मग ते कार्डावर लिहून भिंतीला लावतात. ज्याची कार्डं लागत नाहीत त्याचा करार पुढच्या सीझनला वाढत नाही. माझं सगळं पहिल्या सीझनलाच संपलं, ओडी. माझा घटस्फोट लिहून झाला, माझी आई लिहून झाली, आईचा तो बोटीवाला मित्रही झाला. माझं आयुष्य आठ भागांचं निघालं.

ओडेट : म्हणून माझं घेतलंस.

टमेका : पडद्यावर आपल्यासारख्या बायका दिसायला हव्यात, हे कोण म्हणायचं? कॉलेजात असल्यापासून कोण म्हणायचं?

ओडेट : ‘आपल्यासारख्या’ म्हणायचे मी. ‘मी’ म्हटलं नव्हतं.

टमेका : विचारायला हवं होतं मी.

ओडेट : का नाही विचारलंस?

टमेका : तू नाही म्हणाली असतीस.

ओडेट : हे मात्र खरं बोललीस. इकडची बट धर.

टमेका : जॅरलने बघितला?

ओडेट : बघितला. शुक्रवारी रात्री, मी घरी गेल्यावर.

टमेका : ओळखलं त्याने?

ओडेट : नाही. पोट धरून हसला. म्हणाला, कसली बावळट बाई आहे, त्या बिचाऱ्याची काय चूक.

टमेका : अगं बाई. मग तू काय म्हणालीस?

ओडेट : ती फणी दे इकडे.

टमेका : तेव्हाच निघून मावशीकडे आलीस, की दुसऱ्या दिवशी? काही फेकलंस का? आणि तो, म्हणजे त्याचा चेहरा कसा झाला?

ओडेट : हे कोण विचारतंय?

टमेका : म्हणजे?

ओडेट : माझी मैत्रीण विचारतेय, की भिंतीवरचं पुढचं कार्ड कोरं आहे?

टमेका : तसं नाही.

ओडेट : आहे का कोरं?

टमेका : आहे. पण मी त्यासाठी नाही विचारलं. निदान… निम्मं तरी नाही.

ओडेट : तुझं सगळंच निम्मं आहे आज.

व्हर्लीन मावशी : मला मध्ये बोलायचं नव्हतं. पण दार उघडं होतं, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. टमेका, ऐक. ती नटी हात टेबलावर ठेवून बसली ना, त्या क्षणीच मी ओळखलं. ही चार वर्षांची माझ्याकडे आली तेव्हापासून अशीच. काही हवं असलं की तोंडाने मागायची नाही. हात पुढे ठेवायचा, बोटं जराशी उघडी, आणि दुसरीकडे बघत बसायचं.

टमेका : हे मला माहीत नव्हतं.

ओडेट : आता लिहून घेऊ नकोस.

व्हर्लीन मावशी : आणि मी हसले का माहितीय? गळा फाडून हसले, म्हणजे अकराच्या अकरा जणी माझ्याकडे बघतील. सोफ्याच्या टोकाला ही बसली होती. तिच्याकडे कोणी बघू नये म्हणून.

ओडेट : मावशी, हे नव्हतं सांगितलंस मला.

व्हर्लीन मावशी : सांगायला काय आहे त्यात? शुक्रवारी सकाळी उठले, ह्यूस्टनला फोन लावला आणि माझा शाप परत घेतला. म्हटलं, चूक तुमची नव्हती, आमच्या पोरीनेच नाही म्हटलं, तेही मला टीव्हीवर कळलं. मुख्य बाई फार सभ्य निघाली. म्हणाली, जागा अजून रिकामीच आहे, तुमची भाची पुन्हा विचार करेल का?

टमेका : खरंच?

ओडेट : मावशी, कॉब्लर गार होतंय.

व्हर्लीन मावशी : जाते. टोकांना गरम पाणी घेशील तेव्हा रागाने तिची टाळू भाजू नकोस म्हणजे झालं, ओडेट.

टमेका : ओडी, मी काय करू? सांग. मालिका सोडू?

ओडेट : सोडू नकोस. दुसरं काम मिळेपर्यंत माझ्याच सोफ्यावर येऊन झोपशील.

टमेका : मग?

ओडेट : काही नाही. झाल्या. वेण्यांची टोकं गरम पाण्यात धरते, हलू नकोस. …आरशात बघ.

टमेका : सुंदर. तुझ्यासारखा हात कोणाचा नाही. आठ आठवड्यांनी येऊ?

ओडेट : क्रेनशॉ रस्त्यावर त्या सेनेगलच्या बायकांचं वेण्यांचं दुकान आहे. चांगल्या घालतात, आणि झटपट.

टमेका : त्यांची भाषा नाही येत मला.

ओडेट : म्हणूनच म्हटलं.

टमेका : …बरं. एकच विचारते, कार्डासाठी नाही, शपथ. जाणार आहेस का ह्यूस्टनला?

ओडेट : अजून काही ठरवलं नाही. तुझी पिशवी राहिली बघ. फोटोला शुभेच्छा.

(दार लागतं. बाहेर गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागतो.)

व्हर्लीन मावशी : ठरवलं नाही? परवा संध्याकाळी त्या बाईचा फोन आला तेव्हा तू हो म्हणालीस. मी इथेच भांडी पुसत होते.

ओडेट : म्हणाले.

व्हर्लीन मावशी : मग तिला का नाही सांगितलंस?

ओडेट : परवा फोन ठेवला ना, मावशी, तर आधी तिचाच नंबर लावला होता. दोन रिंगा वाजल्या, मग गुरुवारचा भाग आठवला.