खोकल्याची जागा

खोकला? नाही हो बाई, दोघांनाही खोकला नाही — परवाच डॉक्टरांनी छाती तपासली, धाकट्याची तर दोनदा, त्याला ते गार यंत्र आवडतं म्हणून. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय रजेवर आहे. आणि उशीर झाला म्हणून माफी कसली मागता, या घरात उशिराला कोणी काही म्हणत नाही — तीच तर तुमची पहिली तक्रार. माझी नातवंडं दर रविवारी तुमच्या संडे स्कूलला पाऊण तास उशिरा येतात. आणि दुसरी — काल सगळ्या मंडळीसमोर प्रभूची प्रार्थना म्हणताना दोघं मध्येच खोकली. एकदम, तोंडावर मूठ धरून. मंडळी हसली, पाळकसाहेब हसले, तुम्ही नाही हसलात. पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहायचं तर प्रार्थना पूर्ण हवी, नाहीतर दुसरी मुलं घेणार — रास्त आहे.

उशिराचं आधी सांगतो, ते सोपं आहे. चौतीस वर्षं मी कचेरीत मस्टर सांभाळलं — हजेरीचं हो. दहा वाजून दहा मिनिटं झाली की नावापुढे लाल रेघ, साहेब असो की शिपाई. लोक मला घड्याळाचा 'ठोका' म्हणायचे, तोंडावर नाही, पण तितकं हळूही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मीच उशिरा पोहोचलो आणि स्वतःला रेघ मारली. बायको हे येईल त्या पाहुण्याला सांगायची, कौतुकाने की कसं ते कधी कळलं नाही. आता ती हौस फिटली. पोरं मोजे शोधतात, मी चष्मा शोधतो, धाकट्याला नेमकी दारात तहान लागते — मी घाई लावत नाही. कोणालाच लावत नाही. एवढंच. चहा घ्या.

राहिला खोकला. तो माझा आहे, पोरांनी उचललाय. त्यांचे आईबाप गेले तेव्हा थोरली सहाची, धाकटा तीनचा — गाडी वळणावर उलटली, तुम्ही तेव्हा इथे नव्हता, पण ऐकलं असेलच. बायको त्याआधीच गेलेली. देवाचा सगळा विभाग तिच्याकडे होता. मी शेवटच्या बाकावर बसून उपदेश किती मिनिटं चालला ते बघायचो. मग एकदम दोन पोरं, रोजच्या दोन वेण्या, आणि मला गाठ येते ती एकच, फायलीची. थोरली वर्षभर फायलीच्या गाठी मिरवत शाळेत गेली. तेव्हापासून सकाळी उठलो की एकच अर्ज करतो — संध्याकाळपर्यंत ने, बापा. तीन वर्षं झाली, एकही अर्ज परत आलेला नाही. इतका वक्तशीर कारभार मी दुसरा पाहिला नाही. थट्टा नाही करत, बाई, चेहराच तसा आहे माझा.

तर जेवणाआधी आम्ही तिघं प्रार्थना म्हणतो — मी पुढे, ती मागून. आणि ते क्षमेचं वाक्य — दुसऱ्यांना करण्याचं आणि स्वतःसाठी मागण्याचं — आलं की मला खोकला येतो. मग थेट पुढचं वाक्य. पोरांना वाटलं प्रार्थनाच तशी आहे, तिथे खोकायचं असतं. — नाही, नाही, दुसऱ्यांना क्षमा कधीच करून टाकली. तो रस्ता तसा ठेवणाऱ्या खात्यालासुद्धा, आणि ते काही त्या लायकीचं नव्हतं. माझं अडतं ते मागण्याशी. त्याचं असं झालं — मुलगा-सून दोन दिवस बाहेर जाणार, पोरं माझ्याकडे. मुलगा म्हणाला, सोमवारी सकाळी आलो तर चालेल? मी म्हटलं, रविवार, साडेसहा, मी काय पाळणाघर उघडलंय? थट्टेतच म्हटलं, निम्मं तरी. रविवारी पाचला त्याचा फोन — इकडे पाऊस फार आहे, बाबा, मुक्काम करू का? आणि मी, समोर घड्याळ, म्हटलं, "साडेसहा म्हणजे साडेसहा." तो हसला. "बरं, ठोकासाहेब," म्हणाला. एवढंच.

हे कशाला सांगत बसलो तुम्हाला, तुम्ही खोकल्याचं विचारायला आलात. तर ते वाक्य मी पोरांना लिहून देतो, कागदावर, अक्षर चांगलं आहे माझं, रविवारपर्यंत पाठ —

काय म्हणता? येतं त्यांना? तुम्ही शिकवलंत — कधी, गेल्या वर्षीच? मग काल — थोरलीला विचारलंत तुम्ही? काय म्हणाली?

"आजोबा तिथे थांबतात. आम्ही पुढे गेलो तर ते एकटे मागे राहतील."

असं म्हणाली. नऊ वर्षांची आहे हो ती. आणि धाकटा — त्याला नुसतं खोकायलाही आवडतं, ते सोडा.

थांबा जरा.

बरं. आज बघतो म्हणून. त्यांना पुढे करतो, मी मागून. नाहीच जमलं तर तिघं मिळून खोकू. ती बघा, दोघं आलीच कोपऱ्यावर — खेळायला सोडताना कधी परत यायचं ते मी सांगत नाही, तरी येतात. तुम्ही निघा आता, त्यांच्यासमोर हे नको. घरी कितीला पोहोचता म्हणून सांगितलंय? मग इथूनच फोन करा, उशीर होईल म्हणावं. आणि सावकाश जा.