आईचा पंजाबी ड्रेस

आमच्या कपड्यांच्या दुकानांच्या जाहिरातीत 'तीन पिढ्यांची परंपरा' असं छापतात ना, ते वाचून मला हसू येतं. अरे, आईने परंपरा मोडली म्हणून दुकान टिकलं.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आमचं एकच दुकान होतं, तेही फक्त साड्यांचं. कॉलेजच्या मुली पंजाबी ड्रेस घालायला लागल्या आणि आमचं गिऱ्हाईक तुटलं. बाबा नको म्हणत असताना आईने तयार ड्रेस आणले. महिनाभर एकही खपला नाही. मग एका सकाळी आई स्वतःच त्यातला एक घालून दुकानात आली.

समोर बायका बसलेल्या. बाबा गादीवरून दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, वेड लागलंय का? या वयात? लोक हसतील. घरी जा आणि साडी नेसून ये."

"मी जाणार नाही," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "अंगावर घालून दाखवल्याशिवाय माल खपत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि साडी नेसायला तुम्ही आहात की इथे."

बाबांनी खाली पाहिलं. गिऱ्हाइकाला दाखवायला नेसलेली जांभळी साडी, निऱ्या आणि पदरासकट, अजून त्यांच्याच अंगावर होती.