मागची सीट माझी

...आणि वर मलाच म्हणतात, "साडू, गाडीत बसायची तुम्ही फार घाई केलीत." मी? घाई? अहो, तुम्हाला सांगतो, त्या गाडीत बसायची मी इतकी वर्षं वाट बघतोय की तेवढ्यात डोक्यावरचे केस एकेक करून निरोप घेऊन गेले. वाऱ्यावर केस उडवत जायचं होतं हो मला... आता टोपी उडेल. उडू दे. हसू नका, ओ खांबाजवळचे, तुमची पण वेळ जवळ आलेली इथून दिसतेय. माझं मागणं काय होतं? मागची सीट माझी. बास. एवढंच.

गाडी माझ्या साडूची. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उघड्या टपाची गाडी, म्हणजे बटण दाबलं की टप घडी होत होत मागं जातो आणि डोक्यावर थेट आभाळ. जुनी आहे, पण पुसून पुसून अशी ठेवलीय की तिच्यात बघून दाढी करावी. आणि एवढी हौसेची गाडी घेऊन या गृहस्थानं टप उघडला किती वेळा? एकदा. घेतली त्या दिवशी. नंतर म्हणे उन्हानं सीट तडकते, धूळ बसते, वर तारेवर पक्षी बसतात... अरे, पक्ष्यांना काय तुझाच पत्ता दिलाय का कुणी?

खरं कारण वेगळं. त्या पहिल्या दिवशी शेजारी माझी मेव्हणी बसली होती. यानं मोठ्या कौतुकानं तिच्या आवडीचं गाणं लावलं, कंपनीनं गाडीबरोबर दिलेल्या टेपवर. त्या टेपचा आवाज कसा? काडेपेटीत डास कोंडावा तसा. वर वारा भणभणतोय, बाजूला ट्रक गुरगुरतोय, आणि गाणं कुठंतरी हिच्या गुडघ्यापाशी कण्हतंय. ती नाक्यावरच उतरली. म्हणाली, "टप उघडा ठेवून गाणं नीट ऐकू येईल ना, त्या दिवशी मी बसेन. तोवर मी आपली बसनं जाईन." आणि गेली. तेव्हापासून बसनंच जाते. मी डोळ्यांनी बघितलंय हो, हा बंद गाडीत एकटा, पुढं बस, बसच्या मागच्या काचेत बायको. सिग्नल लागला की दोघं समोरासमोर. ती हातसुद्धा करत नाही.

मग मीच टोचायला लागलो. मला तेवढंच येतं. शाळेत मी वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त उभा होतो, त्यामुळं शिक्षण सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचण्यातलं. म्हटलं, "तुझ्या टेपपेक्षा माझं घोरणं स्पष्ट आहे, विचार माझ्या बायकोला." शेवटी एकदाचा नवा टेप बसवायला कबूल झाला. "लग्नाच्या वाढदिवसाला तिला चकित करायचं. तिला बोलू नका हं, साडू." नाही बोलत. पण मागची सीट माझी.

गेलो मिस्त्रीकडं. बोळातलं दुकान, भिंतीभर स्पीकर, आणि मिस्त्री आयुष्यभर त्यांच्यासमोर बसल्यानं साधं 'चहा घेणार का' हेसुद्धा आग लागल्यासारखं विचारतो. त्यानं जुना टेप दात उपटावा तसा उपटला, माझ्या हातात दिला. डिकी उघडली आणि भारावलाच. "शेठ! एवढी जागा रिकामी? इथं बेसचा डबा टाकू, हा एवढा मोठा स्पीकर. रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहतील!" डिकीत एक रबरी पडदा ताणलेला होता. "हा कशाला?" साडू म्हणाला, "असेल काहीतरी कंपनीचं." "काढू?" "काढा." काढला, तर पुढं एक लाल दिवा लुकलुकायला लागला. मिस्त्रीनं दोन वायरी एकमेकींना जोडल्या, दिव्याला गप्प केलं. मी काय करत होतो? टॉर्च धरला होता. आणि फार मन लावून धरला होता.

आवाज लावून बघितला. तुम्हाला सांगतो... शटर थरथरलं, चहाच्या पेल्यात लाटा आल्या, माझा कवळीचा दात ताल धरायला लागला. साडूच्या डोळ्यांत पाणी. मिस्त्री म्हणाला, "टप उघडून बघू?" तर साडू लाजला हो, या वयात. "नको. ती शेजारी बसली की मगच उघडू." मी नाक पुसलं आणि म्हटलं, मागची सीट माझी.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला जाऊन सांगून आलो. "संध्याकाळी उघड्या गाडीतून जाणार आहे. मागच्या सीटवर. टोपी आणि काळा गॉगल, ओळखशील ना? हात कर." "करतो की, काका." त्यानं गिऱ्हाइकांना पण सांगितलं.

संध्याकाळी साडूच्या दारात गाडी चकचकीत. मेव्हणी पर्स घेऊन बाहेर आली ती थेट बस थांब्याकडं निघालेली. हा म्हणाला, "अगं, एकदा ऐकून तर बघ." बसली! शेजारी बसली. यानं गाणं लावलं, बटण दाबलं. टप उठला... मागं झुकला... आणि कटक. अडकला. जांभई देताना जबडा धरावा तसा, उभा आ वासून. मोटर किरकिरतेय, गाणं ढुम्म ढुम्म चाललंय, गॅलऱ्या भरल्या. कोपऱ्यावर बस दिसली. मेव्हणीनं पर्स उचलली. साडूचा चेहरा... अहो, मी लोकांची टर उडवणारा माणूस, पण मला बघवेना.

यानं मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री तिकडून बोंबलला, ते सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू गेलं, "शेठ, पण टप उघडल्यावर जातो कुठं?"

गाडी याची, डिकीत डोकं मिस्त्रीचं, टॉर्च माझा, आणि टप जातो कुठं हे तिघांतल्या एकालाही ठाऊक नाही!

मेव्हणी म्हणाली, "डिकीत. पहिल्या दिवशी माझी पिशवी त्याच्याखाली चेपली होती. तो पडदा असतो ना, त्याच्या खाली सामान आणि वर टप." एकदाच बसलेली बाई हो. मी टॉर्च धरलेला माणूस, मी गटाराकडं बघायला लागलो.

मिस्त्री फोनवरून ओरडतोय, "टप परत वर घ्या, डबा बाहेर काढा, वायर भरपूर लांब सोडलीय, मागच्या सीटवर ठेवा!"

कुठं?

मी म्हटलं, "अहो, पण मागची सीट..." साडूनं माझ्याकडं बघितलं. मग बायकोकडं. मग बसकडं. आणि मेव्हणी, जिला मी एकदा आवाज बदलून, वीज कार्यालयातून बोलतोय म्हणून, घरातले सगळे दिवे पाच मिनिटं चालू-बंद करायला लावले होते, ती मेव्हणी गोड हसून म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच ठरवा. एकतर मी बसनं जाते, नाहीतर तुम्ही."

काय ठरवणार? टोपी-गॉगल काढून गाडीत ठेवला, बाह्या सारल्या, डबा स्वतःच्या हातानं उचलला, माझ्या सीटवर बसवला, पट्टासुद्धा मीच लावला. या गडबडीत बस गेली. टप सुळकन मागं गेला, गाणं गल्लीभर झालं, मेव्हणीनं डोकं मागं टेकलं, आणि साडू... जाऊ दे, सांगत नाही, माझीच नजर लागेल.

मी निघालो चालत. डिकीतून काढलेला जुना टेप काखेत. आमच्या गल्लीत आलो तर न्हावी बाहेर उभा, हातात वस्तरा, बाजूला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक, दोघांची पाठ माझ्याकडं. तेवढ्यात समोरून ढुम्म ढुम्म करत गाडी आली, वळसा घालून मुद्दाम आमच्याच गल्लीतून. मेव्हणीचं काम हे. मागच्या सीटवर पट्टा लावून बेसचा डबा, त्याच्यावर माझी टोपी, माझा गॉगल.

"अरे, ते बघ काका चालले!" न्हाव्यानं वस्तऱ्यासकट हात केला. गिऱ्हाइकानं केला. गल्लीनं केला.

मग मागं उभं राहून मी पण केला. काय करणार... काका दिसत फार ऐटीत होते.