मार्तंडाची तयारी

लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. बुलढाण्याला मेहकरच्या मोटारीची वाट पाहत होतो. बाकावर त्याच मोटारीने जाणारे डोणगावचे एक म्हातारे पाटील आणि त्यांच्याच गावचा एक तरुण मास्तर बोलत बसले होते.

"काऊन बे मार्तंडा, विमान चालवाच्या परीक्षेले गेलता म्हणे?"

"हो काका. तीन महिने तयारी केली."

"कशी?"

"तिथं खुर्चीत बसवून गरगर फिरवतात, असं आयकलं होतं. म्हून चिंचेले झोका बांधला, दोराले पीळ देला आन् सोडला."

"मंग?"

"पह्यल्या दिवशी ओकलो. दुसऱ्या दिवशी उतरलो आन् आपलं घर समजून गुरवाच्या घरात शिरलो."

"आन् तिसऱ्या दिवशी?"

"दोर तुटला."

"अरारा! नजर तरी धड हाय ना?"

"तिचीबी तयारी केली. रोज दुरून मोटारीची पाटी वाचत होतो. गावात मोटार येते एकच. पाटी पाठ झाली."

"विमान तरी पाह्यलं होतं का कधी?"

"एकदा लोणारले, सायकलवरून. वर पाहता पाहता नालीत पडलो."

"मंग नापास केलं त्याइचं काय चुकलं? जाऊ दे लेका, शाळा हाय ना तुही."

"पास झालो, काका. पुढच्या सोमवारी जाचं हाय."

पाटील बाकावरून त्याच्याजवळ सरकले.

"मायले सांगतलं?"

"नाही. त्याची काहीच तयारी नाही केली. तुम्ही सांगसान का?"

"मी? माही तरी कुठी तयारी हाय बे!"

मेहकरची मोटार लागली. मी चढलो. ते दोघे बाकावरच बसून होते.