शेवंताच्या सह्या

शेवटचं आमी दोघांनी मिळून काय केलं, तर चिंचा फोडल्या. शेवंता, माझी बायको, हातोडी मारायची, मी चिंचोके काढायचो, व्यापाऱ्याचं काम, किलोवर मजुरी. समोरनं गयाबाई गेली, शेजारीन आमची, तिनं वळून बघितलं न्हाई. शेवंता म्हनली, आज बी बोलली न्हाई. मी म्हनलं, न्हाई बोलली तर न्हाई, तिच्या बोलन्यानं पोट भरतंय का. हे मी बोलायला नको हुतं. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसली ती तशीच कलंडली. डॉक्टर म्हनला हार्ट. मला इचाराल तर ती दोन महिने झाले लाजंनंच मरत हुती.

मी मूळचा कर्जतकडचा. दुसरीपत्तोर गेलो, अक्षर काय टिकलं न्हाई, मग बापानं विहिरीच्या कामाला लावलं, सगळा जलम लोकांच्या विहिरी खोदन्यात गेला. लग्न झाल्यावर हिच्या गावाला ऱ्हायलो, श्रीगोंद्याच्या अलीकडं. घरजावई म्हनत्यात लोकं, म्हनू द्या. दोन लेकी, दोन्ही दिल्या.

आता ही संघटनेत कशी गेली, काय सांगू तुमाला. शेतमजूर बायांच्या हक्कासाठीची संघटना, हापिस नगरला. अध्यक्षाला सगळे बापू म्हनायचे, आन एक सचिव म्याडम. खोटं कशाला बोलू, आधी कामं केली त्यांनी. गयाबाईचा नवरा वारला तवा तिची पेन्शन ह्यांनीच चालू करून दिली, तहशिलीपुढं दिवसभर बसून. शेवंताला सही करायला बी त्यांनीच शिकवलं. पंचावन्न वर्सांची बाई, पाटीवर शेवंता शेवंता गिरवीत बसायची, तव्यावर भाकरी करपली तरी भान न्हाई. सही आली आन तिला गटप्रमुख केलं.

मोर्चा असला की हिनं घरोघर जाऊन बाया गोळा करायच्या. टेम्पोचं भाडं पदरचं, भाकरी फडक्यात बांधलेली घरची. नगरला गेलं की म्याडम कागद फिरवायची, हजेरी म्हनायची. बायांनी अंगठे द्यायचे, खाली हिची सही, आन वरची जागा कोरी. मी एकदा म्हनलं, आगं, वर काय लिवनार हायेत ती? तर मलाच म्हनली, तुमाला अंगठ्याबिगर काय येतंय, बापू काय चोर हाय व्हय? तिला सही करायला मिळायची ह्याचाच लई आनंद, कागद कशाचा का असंना.

मग कुनीतरी तक्रार केली आन धर्मादायच्या हापिसातला मानूस गावात आला. देवळापुढं बसून त्यानं त्याच कागदांवरचं वाचून दाखवलं. संघटनेला आलेल्या देनग्यांतनं बायांना दर मोर्चाला जेवन दिलं, गाडीभाडं दिलं, रोज बुडाला म्हनून भत्ता दिला. अंगठे सगळ्यांचे, वाटप करनार शेवंताबाई. बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. बापूचा बंगला आन म्याडमच्या लेकाची गाडी कशातनं झाली ते तवा कळलं. पन बापूला कुठं गाठनार, तो नगरला. शेवंता हाताशी हुती. गयाबाई भर लोकांत म्हनली, शेवंते, माझ्या भत्त्याचं डोरलं केलंस का गं? हिच्या गळ्यात काळे मनी सोडून काय हुतं हो.

बापूला भेटायला तीन खेपा केल्या तिनं. एकदा मीटिंग, एकदा सायेब मुंबईला. तिसऱ्या खेपंला म्याडम म्हनली, काकू, चळवळीवर इश्वास ठेवा. इश्वास ठेवला म्हनून तर हे झालं.

दहाव्याला गावातल्या बाया आल्या न्हाईत. बापू आला. हिचा फोटो मोठा करून आनला, खाली लिवलेलं रणरागिणी. माझे पाय धरले. मग माझ्याजवळ बसून हळू म्हनला, काका, काकू तर गेल्या, आता त्यांना काय होत न्हाई. वाटपाचं त्याच बघत हुत्या एवढा एक कागद करू. संघटना वाचंल, गरिबांचं काम वाचंल. तुमचं बी बघू. आन खिशातनं शाईचं पॅड काढलं. दहाव्याला येताना पॅड घेऊन आला हुता बगा तो.

मी म्हनलं, बापू, ऊठ. सुतकाचं घर हाय म्हनून हात उचलत न्हाई.

बापूवर केस झाली, तिच्या अजून तारखाच चालल्यात. बापू अजून भाषनं करतो, हार बी पडत्यात. माझ्या हातात काय हाय? जे हुतं ते करून बसलो.

दहाव्याला बापू येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. थोरली लेक म्हनली, आबा, तेराव्याच्या आत गाव सोडू नये. म्हनलं, सोडतो. पहिली एसटी धरली, धर्मादायच्या हापिसात जाऊन उभा ऱ्हायलो. तिथल्या कारकुनानं जबाब घेतला. कागद कोरे हुते, भाकरी घरची हुती, भाडं पदरचं हुतं, सगळं लिवलं. मग मी म्हनलं, आजून लिवा, माझी बायको चोर न्हवती.

तो म्हनला, बाबा, असं जबाबात येत न्हाई. डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा.

मी म्हनलं, पंचेचाळीस वर्सं बघितलं, तेच सांगतोय.

त्यानं पेन उचललं. मग लिवलं. वाचून दाखव म्हनलं, त्यानं वाचलं, आन मी अंगठा दिला.