बाबा बादलीत बुडाले, त्याबाबत

मी, शिंप्याच्या दुकानात काजवाली म्हणून ओळखली जाणारी, वय बत्तीस, धंदा घरी बसून शर्टांना काजं-बटणं करणे, राहणार बेकरीच्या वर दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या चार मुलांसह राहते. थोरली सात वर्षांची, तिच्या पाठचे जुळे मुलगे पाच वर्षांचे आणि शेंडेफळ अडीच वर्षांचे. नवरा परगावी गोदामात कामाला आहे, लवकरच येईल, असे मी सगळ्यांना सांगत आले आहे. आता मुले ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर आहेत म्हणून खरे सांगते. त्याने तिकडे दुसरे बिऱ्हाड केले आहे. तो येणार नाही. मुलांना हे कळू नये एवढीच माझी धडपड आहे.

मुले फोनला बाबा का म्हणतात, याचा खुलासा असा की, नवरा सुरुवातीला रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवायचा. मग रविवारचा दाखवू लागला. मग तेही बंद. शेंडेफळाने बाप दुसरीकडे कुठे पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी तो काळा फोन म्हणजेच बाप. त्याचे ऐकून जुळे तसे म्हणू लागले आणि खोटे कशाला बोलू, मीही. आमच्या घरात "बाबा चार्जिंगला लाव", "बाबांवर बसू नको", "बाबा चिकट झालेत, फडक्याने पूस" असेच बोलतात. हे लिहिताना हवालदारसाहेब हसले. हसा म्हटले, मलाही आधी हसूच यायचे.

फोनमध्ये नवऱ्याचा एक जुना व्हिडिओ होता. त्यात तो म्हणतो, "जेवलात का रे? भांडू नका. येतोच मी." मी तो जेवणाच्या वेळी लावते. शेंडेफळ त्याला ताट दाखवते, जुळे एकमेकांच्या चुगल्या सांगतात. बाप येणार हे मुलांना त्यावरूनच खरे वाटते. थापा नवऱ्याने मारल्या, त्या रोज वाढायचे काम माझ्याकडे आले.

आज सकाळी मी जुळ्यांना आंघोळ घालत होते. एकाला साबण लावला की दुसरा पळतो. त्याला धरून आणावे तर "माझी झाली, त्याची राहिली" म्हणतो. दोघे दिसायला एकसारखे, त्यामुळे एकाची दोनदा आंघोळ झाली आणि दुसरा कोरडाच कपडे घालून बसला. या गडबडीत शेंडेफळाने फोन साबणाच्या बादलीत घातला. का रे बाबा, असे विचारले तर म्हणाले, "बाबा घाण."

मी फोन काढला, हलवला, दाबून पाहिला. चालू होईना. ओला फोन तांदळात ठेवतात असे ऐकले होते, म्हणून तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. फोन सासूबाईंनी दिलेला, त्यांच्या कानावर जायला नको म्हणून मुलांना दम भरला, "कुणाकडे बोललात तर याद राखा."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई छतातून पाणी गळते म्हणून भांडायला वर आल्या. मी शेंडेफळाला पुसत होते. दार जुळ्यांनी उघडले आणि सांगितले, "बाबा बादलीत बुडून मेले. आईने हलवलं, उठलेच नाहीत. मग तांदळात पुरलं. कुणाला सांगायचं नाहीये." बाई पाण्याचे विसरून खाली गेल्या आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. नवरा मेला म्हटल्यावर सगळी इमारत माझ्या दारात आली. नुसता गेला होता तेव्हा कुणी जिना चढले नाही. हे वाक्य लिहायची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा.

हवालदारसाहेबांनी घरी येऊन डब्यात कोपरापर्यंत हात घातला व फोन काढला. शेंडेफळाने टाळ्या वाजवल्या. परंतु फोन सापडला, नवरा कुठे आहे, असे विचारून आम्हां पाचही जणांना ठाण्यात आणले.

नवऱ्याचा नंबर मला पाठ आहे. माझा फोन तो उचलत नाही. ठाण्याचा पहिल्याच रिंगला उचलला. मुले तेव्हा आतच होती, आणि आवाज सर्वांना ऐकू जाईल असा मोठा केलेला होता. हवालदारसाहेब म्हणाले, "तुम्ही हयात आहात ना, एवढीच खात्री करायची होती." तो म्हणाला, "आहे की. का? कोण मेलं?" साहेबांनी सांगितले की तुमची बायको-मुले इथे ठाण्यात बसली आहेत. त्यावर तो म्हणाला, "साहेब, माझा इथला पत्ता तेवढा तिला देऊ नका. मला आता त्या भानगडीत पडायचं नाही." मुलांना काय झाले, का आणले, हे त्याने विचारले नाही. तसे स्पष्ट लिहावे.

फोन ठेवल्यावर जुळ्यांपैकी एकाने विचारले, "आई, बाबा होते?" एरवी थाप मी मारते. आज थोरलीने त्याला हाताला धरून खाली बसवले आणि म्हणाली, "नाही रे. राँग नंबर होता. आपले बाबा असं बोलत नाहीत." जुळ्यांना ते पटले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिला हे कधीपासून ठाऊक आहे, ते मी विचारलेले नाही.

मास्तरीणबाईंविषयी माझी तक्रार नाही. नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे, पण मुलांना कुणाकडे तरी ठेवून एकटी येईन तेव्हा देईन.

हा जबाब मी सांगितला तसाच उतरवला आहे. हवालदारसाहेबांनी तो मला हळू आवाजात वाचून दाखवला, कारण थोरली दारापाशी येऊन उभी होती.